पहिली धार

नोव्हेंबरात या वाटेवर कुणी नसतं.
दगडांवरचे पिवळे बाण शेवाळलेले,
उजवा गुडघा प्रत्येक उताराला माझ्याशी भांडणारा,
आणि सांतियागो अजून नव्वद किलोमीटर.
देवाला दोष देणं बरं दिसेना,
म्हणून बुटांना दिला.

पुलापाशी खानावळ. एर्मितासनं मला लंगडताना पाहिलं,
म्हणाली, "बस. पँट वर कर."
बिनलेबलची बाटली, आत पाण्यासारखं पाणी.
तळहातावर घेऊन तिनं ते गुडघ्यात जिरवलं,
कणकेत तेल जिरवावं तसं.
आधी गार. मग जाळ.
मग द्राक्षाच्या सालींचा, बियांचा, ओल्या धुराचा वास.
नाव विचारलं तर खांदे उडवले तिनं.
"नाव दुकानातल्या बाटलीला लागतं.
बघायचंय तर खाली जा,
आज देल्मिरोची भट्टी पेटलीय."

खाली म्हणजे मिन्यो नदीकडे, धरणाच्या पोटात.
पाणी उतरलं होतं त्या आठवड्यात
आणि जुनं गाव वर आलं होतं,
गुडघाभर भिंती, चुलीचे दगड, गाळ,
एका गल्लीचं वळण मात्र जसंच्या तसं,
आत्ता कुणी टोपली घेऊन वळेल असं.
चर्च तेवढं वाचवलं होतं सरकारनं,
दगडादगडावर आकडे घालून
वर टेकडीवर पुन्हा रचलं होतं.
सकाळी मी बोट फिरवलं होतं त्यांवरून,
तीनशे बारा, तीनशे तेरा.
इथल्या दगडांवर आकडे नव्हते.

देल्मिरो सत्तरीपार, कानात कापूस.
तांब्याचा हंडा त्याच्याहून म्हातारा,
पोटाला ठिगळ.
हंड्यात चोथा, वाईन पिळून झाल्यावर उरलेला,
पाहुण्याला कुणी दाखवत नाही तो.
झाकणाच्या फटीला राईच्या कणकेचा लेप,
खाली ओकची लाकडं, मंद.
"घाई केली की करपतं.
मग ते जळकेपण शेवटच्या थेंबापर्यंत जात नाही."
मी गप्प. मी रोज तीस किलोमीटर हाणत होते.

नळीच्या तोंडाशी थेंब आला.
मग धार, सुतळीएवढी.
पहिल्या धारेची म्हणजे काय चीज
हे ऐकून ऐकून मी मोठी झालेली.
पेला पुढे केला.
त्यानं मनगटच धरलं.
"पहिली नाही. पहिली विष. डोळे जातात."
वाटी भरून तो चालत गेला
एका उंबरठ्यापर्यंत, ज्याच्यामागे घर नव्हतं,
आणि ओतली.
"ही त्यांची.
त्यांचे डोळे आता कुठे जायचेत?"

हसला. मग सांगायला लागला,
माझ्याकडे न बघता, जाळ सारखा करत.
तो नऊ वर्षांचा, दोन्ही काखेत कोंबड्या.
गाडी उभी, सगळे हाका मारतायत,
आणि आई घर झाडत होती.
कोपरे, पलंगाखालचं, उंबरठा.
"पाणी येणार होतं ना," तो म्हणाला,
"केर तसाच कसा ठेवायचा?"

मधली धार त्यानं मला दिली, बोटभर.
अर्क हा शब्द मी आजवर
द्वाड पोरांसाठीच वापरला होता.
घशातून उतरताना कळलं
की झाडून घेतलेलं घर कसं लागतं.
नाही, हे मी नंतर रचलं.
तेव्हा फक्त खोकला आला
आणि डोळ्यांत पाणी,
आणि देल्मिरो म्हणाला, "गेले नाहीत ना? बघ."
बघितलं. तळ्यावर पाऊस यायला लागला होता.

चार दिवसांनी सांतियागोत
संताच्या पुतळ्याला मिठी मारायची रांग.
माझ्या गुडघ्याला अजून तो वास,
एर्मितासनं वाटेसाठी अर्धी बाटली बांधून दिली होती.
पहारेकरी झुकला, हुंगलं त्यानं,
कपाळाला आठी.
मला वाटलं, झालं, आता बाहेर काढतोय.
हळूच विचारलं, "कुठली?"
गावाचं नाव मला पाठ होतं, पासबुकात शिक्का होता,
पण तोंडातून आलं,
"खालची."
त्यानं टोपी काढली,
आणि मला पुढे सोडलं.